दुसऱ्याच्या नावावरची झोप

"मला आधी एवढंच सांग, तू त्या दिवशी घेतली होतीस का?"

"मी घेत नाही. तुला माहितीये."

"मग गोळी? सर्दीची, अंगदुखीची?"

"काही नाही. अर्धा कप दूध पिऊन आडवा झालो."

"मग हे एकेचाळीस आले कुठून?"

नगाऱ्यानं हातातला कागद टेबलावर आपटला. मिठाची वाटी कलंडली. काडीनं ती सरळ केली, सांडलेलं मीठ बोटानं गोळा करून परत वाटीत टाकलं आणि कागदाकडे न बघता म्हणाला, "मी काय मोजत बसलो होतो का? झोपलो होतो."

"एक काम सांगितलं होतं तुला. आयुष्यात एक. कुणाचं डोकं फोड म्हटलं नव्हतं, ट्रक उचल म्हटलं नव्हतं. झोप म्हटलं होतं. तेही तुला धड जमू नये?"

"झोपलो की. सहा तास, एका कुशीवर."

"परीक्षेला आपल्या जागी हुशार मुलगा बसवावा आणि त्यानं भोपळा घेऊन यावा, अशी गत केलीस माझी. सगळ्या डेपोत तुझ्याइतकं शांत झोपणारं माणूस नाही म्हणून विश्वासानं ते यंत्र तुझ्या हातात दिलं. आणि तू मला नापास करून आणलंस."

दोघंही बसचे ड्रायव्हर. एकाच डेपोत बावीस वर्षं रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या चालवत आलेले, आणि दोघांनाही नाव पडलं होतं ते झोपेवरून. नगाऱ्याला नगारा म्हणत, कारण तो घोरायला लागला की विश्रांतीच्या खोलीतल्या आठ खाटांपैकी सात खाटा जाग्या होत. शेवटी सगळ्यांनी मिळून त्याची खाट उचलून टायरच्या गोदामात नेऊन ठेवली होती. तरी पत्र्याच्या भिंतीतून आवाज यायचाच. काडी मात्र नावाप्रमाणे वाळलेला, लांब, हनुवटी आत गेलेली, आणि झोपेत मुका. ना कूस बदलणं, ना दात खाणं. त्याच्या शेजारची खाट मिळावी म्हणून ड्रायव्हर आपसात हमरीतुमरीवर येत. "अरे, हा झोपलाय की गेलाय? नाकाशी सूत धरून बघा," असं कुणीतरी म्हणायचं, सगळे हसायचे. उठल्यावर काडीला कळलं की तोही हसायचा. आपण शेजारी असावं असं लोकांना वाटतं, एवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती. आणि ती घडायची तेव्हा तो स्वतः जागा नसायचा.

यंत्राची भानगड दोन महिन्यांपूर्वी सुरू झाली. दुसऱ्या एका डेपोची गाडी सरळ रस्ता सोडून थेट खड्ड्यात गेली होती. रस्त्यावर ब्रेक लावल्याची एक काळी रेघसुद्धा नव्हती. त्यानंतर वरून हुकूम आला: ज्यांचा झोपेत श्वास थांबतो, त्यांना दिवसा जागेपणी कधी डुलकी लागेल याचा नेम नसतो, तेव्हा प्रत्येक ड्रायव्हरची तपासणी करा. नर्सबाई टेप घेऊन बसल्या. गळ्याचा घेर त्रेचाळीस सेंटिमीटरच्या वर गेला की यंत्र घरी न्यायचं: छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा, आणि झोपायचं. रांगेतली माणसं पोट आत घ्यावं तसा गळा आत घेत उभी होती. नगाऱ्याचा भरला सेहेचाळीस. काडीचा पस्तीस. त्याला तर टेप फिरवून लगेच जा म्हणाल्या.

नगाऱ्यानं धसका घेतला तो तिथेच. इतका आवाज करणारा माणूस नक्की आजारी निघणार, हे सगळा डेपो धरून चालला होता, तोही. म्हणून बायको बहिणीकडे गेली त्या दिवशी त्यानं डब्याच्या पिशवीतून यंत्र काडीच्या खोलीवर पोचवलं. काडीनं काळा पडदा ओढून घेतला आणि नगाऱ्याच्या नावावर सहा तास झोपून दिलं.

आणि आज सकाळी हा कागद आला होता. नगाऱ्याला जागच्या जागी गाडीवरून उतरवून हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसवलं होतं.

"छत्र्या मोजतोय मी. एकशे अकरा छत्र्या आहेत, आणि एक कवळी."

इतका वेळ नगाऱ्याची बायको, काडीच्या वहिनी, पाठमोऱ्या भांडी विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, चष्मा लावला आणि टेबलावरचा कागद उचलून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"हे नाव तुमचं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"नाव माझंच."

"आणि झोप भावजींची."

नगाऱ्यानं कागद घ्यायला हात पुढे केला, त्यांनी तो दिला नाही.

"म्हणजे बहिणीकडून आल्यावर मी ती पिशवी घरभर शोधत होते, तेव्हा तिच्यातून हा उद्योग चालला होता."

"तू मधे पडू नकोस. रिपोर्ट चुकलाय."

"अहो, अठ्ठावीस वर्षं मी तुमच्या शेजारी झोपतेय. तुमचा श्वास कधी थांबला असता तर तेवढा वेळ माझा डोळा तरी लागला असता. तुमचं इंजिन बंद पडत नाही. डेपोनं मला विचारलं असतं तर मी स्टँपपेपरवर लिहून दिलं असतं."

"तेच म्हणतोय ना मी. चुकलाय रिपोर्ट."

"रिपोर्ट चुकलेला नाही." वहिनींनी एका ओळीवर बोट ठेवलं. "तासाला एकेचाळीस वेळा श्वास थांबला. सगळ्यात जास्त वेळ, बावन्न सेकंद." मग चष्म्यावरून त्यांनी काडीकडे पाहिलं. आवाज उतरला. "भावजी, हे तुमचं आहे."

खरं सांगायचं तर तोपर्यंत काडीच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. नगाऱ्याच्याही नाही. अर्धा तास ते दोघं त्या कागदावरून भांडत होते ते बिघडलेल्या गुणपत्रिकेवरून भांडावं तसे. वर नाव नगाऱ्याचं, तेव्हा आतला श्वासही नगाऱ्याचाच, असं दोघांनी मुकाट्यानं धरलं होतं.

"याचा?" नगारा म्हणाला. "याचा गळा बघ. कोंबडीचा बरा."

"गळ्यावर काय लिहिलेलं असतं का?"

"बावीस वर्षं चालवतोय तो. गाडीला ओरखडा नाही."

"बावीस वर्षं मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

नगारा उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. मग खाली बसून त्यानं सगळा बेत सांगितला. दुसऱ्यांदा तपासणी मागायचा हक्क होता. तो मागणार, या वेळी स्वतः यंत्र लावून झोपणार. बायको म्हणते तसं असेल तर पास होणार, आणि परत गाडीवर. यंत्र दुसऱ्याला दिल्याचं कळलं तर मात्र कायमचा खाली, त्यात दयामाया नव्हती. "दोन वर्षं राहिलीत माझी. मला स्टेअरिंगवरून उतरून घरी यायचंय. छत्र्यांमधून नाही. तोवर तू तोंड शिवून बस. एवढंच कर माझ्यासाठी."

"आणि मी?" काडी म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? तू पस्तीसवाला."

वहिनींनी त्याच्या ताटात वाढलं. दर रविवारी वाढत तसंच. टेबलाच्या तिसऱ्या बाजूची, एक पाय आखूड असलेली खुर्ची बावीस वर्षं त्याची होती. आठवड्याच्या सात दिवसांत आपण नाव नसलेला माणूस आहोत असं त्याला वाटत नसे, असा तो एक दिवस.

*

काडीची खोली तिसऱ्या मजल्यावर, खाली इस्त्रीवाल्याचं दुकान. एक खाट, एक टेबल, दोन कप. दुसरा कप बायकोच्या वेळचा. ती चौदा महिने राहिली होती आणि मग तिच्यानं राहवलं नाही. भांडण असं काही झालं नाही. घरात कुणी आहे असं वाटतच नाही, म्हणाली. त्यालाही पंचवीस वर्षं झाली. आता ती कुठेतरी तिच्या संसारात असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाटेवर पडून काडीनं घड्याळ समोर धरलं आणि श्वास रोखला. बावन्न सेकंद म्हणजे किती ते त्याला बघायचं होतं. वीसला कान गरम झाले. तीसला छाती आतून दार ठोठावायला लागली. सदतिसाव्याला त्यानं तोंड उघडून हवा ओढली आणि डोळ्यांतून पाणी आलं. जागेपणी, ठरवून, सगळा जोर लावून जमलं नाही ते झोपेत तो रोज करत होता, आणि कुणाला पत्ता नव्हता.

मग तो नर्सबाईंकडे गेला. डेपोच्या मागे पूर्वी जुनी रजिस्टरं ठेवत त्या खोलीत त्या बसत.

"सिस्टर, माझीपण ती झोपेची तपासणी करता येईल का?"

त्यांनी त्याचं कार्ड काढलं. "गळा पस्तीस. वजन तर काय, वाऱ्यानं उडाल. तुम्ही यादीत नाही."

"यादीत घाला की मग."

"यंत्रं तीन आणि डेपो सात, काका. आधी जाड गळ्यांचे. तुमचं नाव घातलं तरी दोन महिने. आणि घालायचं तर कारण लागेल. सकाळी डोकं दुखतं?"

"सगळ्यांचंच दुखतं."

"दिवसा झोप येते?"

"दिवसाच झोपतो मी. रात्री गाडी असते."

त्या हसल्या. पेन पुढच्या ओळीवर नेलं. "झोपेत श्वास थांबतो असं कुणी सांगितलंय? घरच्या कुणी?"

"घरी कुणी नाही."

"पूर्वी कधी?"

काडी तोंड उघडणार होता. त्याला अंधारातला एक हात आठवला होता, छातीवर सपाट ठेवलेला. लग्नानंतर पहिल्या महिन्यांत तो हात त्याला अनेकदा हलवून जागं करायचा, आणि "काय झालं" विचारलं की ती म्हणायची, काही नाही, झोपा. तो वैतागायचा. पुढेपुढे तिनं हात ठेवणं सोडलं. तो हात कशासाठी होता हे पंचवीस वर्षांनी या खोलीत, वजनकाट्याशेजारी बसून त्याला कळत होतं. पण ते कागदावर कसं चढवायचं? तिला फोन करायचा आणि काय विचारायचं, की बाई, मी तेव्हा झोपेत मरत होतो का?

"नाही," काडी म्हणाला.

नर्सबाईंनी "नाही" लिहिलं. "तुमचं बरं आहे, काका. दोन महिन्यांनी या."

आपल्या श्वासाचा जगात एकच साक्षीदार आहे, आणि तो मित्राच्या नावाच्या फाइलमध्ये बसलाय, हे काडीला जिना उतरताना नीट समजलं. तो साक्षीदार बाहेर काढायचा तर मित्राला खाली ढकलावं लागणार होतं.

म्हणून तो गप्प बसला, आणि गाडी चालवत राहिला. दहा दिवस. त्यानं आपल्या परीनं सगळं केलं. सहाच्या जागी नऊ तास झोपला. उठला तरी अंग कुणीतरी तुडवल्यासारखंच. गाडीत कानाच्या पाळीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. तो त्याचा जुनाच उपाय होता. कान बधिर झाला की दुसऱ्या कानाला. खिडकी अर्धी उघडी ठेवली. येणाऱ्या गाड्यांचे नंबर मोठ्यानं वाचले. समोरच्या आरशात चव्वेचाळीस माणसं माना टाकून झोपलेली दिसायची, तोंडं उघडी, एकमेकांच्या खांद्यांवर कलंडलेली. आपण चालवतोय म्हणून ही झोपलीत, याचा पूर्वी त्याला अभिमान वाटायचा. आता तो आरशात बघायचंच टाळायला लागला.

अकराव्या दिवशी सकाळी साडेसात वाजता गाडी शेवटच्या थांब्यावर लागली. माणसं उतरली. पहिल्या सीटवरच्या आजी सगळ्यांच्या मागून, एकेक पायरी चाचपत आल्या. काडीनं त्यांची पिशवी खाली घेतली.

"दमतोस हो बाळा," आजी म्हणाल्या.

"सवय आहे, आजी."

"तरी. मी बघत होते ना. त्या चौकात थांबला होतास तेव्हा."

"कुठल्या चौकात?"

"तो नाही का, पेट्रोलपंपाचा. उजाडायच्या आधी. हिरवा दिवा लागला, तू थांबलेलाच. मग लाल झाला. परत हिरवा झाला. मी म्हटलं, जाऊ दे, डोळा लागलाय बिचाऱ्याचा, मागे गाडीही नाही कुठली. झोपू दे दोन मिनिटं. मग आपला आपण उठलास आणि निघालास."

काडीनं आजींकडे पाहिलं. पेट्रोलपंपाचा चौक त्याला आठवत होता. तिथे लाल दिवा होता म्हणून ब्रेक दाबला, हिरवा झाला, निघाला. मधे काही नव्हतं. त्याच्या हिशेबी मधे काहीच नव्हतं.

"मला हाक का नाही मारलीत, आजी?"

"कशाला उगाच. आमचा मुलगापण असाच दमून यायचा." त्यांनी पिशवी घेतली आणि त्याच्या दंडावर थोपटलं. "नीट जेवत जा. अंगावर मांस नाही."

त्या गेल्यावर काडी गाडीच्या पायरीवर बसला. त्या चौकात सिग्नल होता म्हणून पाय ब्रेकवर होता. त्याच्या आधी पाऊण तास उतार होता, वळणावळणाचा, आणि तिथे पाय ब्रेकवर नव्हता. गाडीची किल्ली तळहातात रुतेपर्यंत त्यानं मूठ आवळून धरली होती.

*

"सिस्टर, तो एकेचाळीसचा कागद माझा आहे."

नर्सबाई नुकत्याच आल्या होत्या, पर्सही खांद्यावरून उतरवली नव्हती. "कुठला एकेचाळीस?"

त्यानं सांगितलं. उभ्याउभ्याच, थांबत थांबत, पण सगळं: पिशवी, पडदा, सहा तास, चौक, आजी. नर्सबाईंनी फाइल काढली, कागद पाहिला, मग त्याची आत गेलेली हनुवटी बाजूनं पाहिली.

"जबडा मागे आहे तुमचा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "घसा अरुंद. जाडच व्हावं लागतं असं नाही. मी नुसता टेप बघितला." मग त्यांनी पर्स उतरवली. "काका, हे मी लिहून घेतलं की तुमच्या मित्राचं काय होईल, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"त्यांची दुसरी तपासणी परवाच झालीय. निकाल यायचाय. आधी त्यांच्याशी बोलता का? मी तासभर थांबते."

"त्याच्याशी बोललो तर मग मी सांगणार नाही."

नर्सबाईंनी पेनचं टोपण काढलं. लिहितालिहिता त्यांचं लक्ष त्याच्या कानाकडे गेलं. "हे काय झालंय? दोन्ही पाळ्या काळ्यानिळ्या?"

काडीनं खिशातून गुलाबी चिमटा काढून टेबलावर ठेवला. "झोप येऊ नये म्हणून. हे सगळेच ड्रायव्हर करतात."

"सगळे म्हणजे कोण?"

तो सांगायला गेला आणि अडला. बावीस वर्षांत त्यानं दुसऱ्या कुणाच्या कानाला चिमटा पाहिला नव्हता. पाहणार कुठून? रात्रीच्या विनावाहक गाडीत प्रत्येक ड्रायव्हर एकटाच असतो. आपण करतो ते सगळेच करत असतील, असं त्यानं इतकी वर्षं धरलं होतं, एवढंच.

किल्ली त्यानं टेबलावर चिमट्याशेजारी ठेवली. ती उचलून कुणाला द्यायची ते नर्सबाईंनी बघितलं.

*

नगाऱ्याचा निकाल दोन दिवसांनी आला. तासाला तीन. एवढे कुणाचेही येतात. घोरणं मोठं, बाकी तब्येत ठणठणीत. पहिल्याच खेपेला स्वतः झोपला असता तर एक दिवसही खिडकीत बसावं लागलं नसतं. आता मात्र चौकशी बसली, आणि दोन वर्षं छत्र्यांमध्येच काढायची असं ठरलं. काडीला डॉक्टरांनी मास्क दिला, हवा सोडणारं छोटं यंत्र दिलं. तीन महिने त्याच्या आकड्यांवर लक्ष ठेवू, सुधारले तर परत गाडीवर, म्हणाले. आपण होऊन आला म्हणून त्याच्या बाबतीत वरचे लोक नरम होते. डेपोत ही गोष्ट कुणाला पचली नाही. आजारी माणूस परत स्टेअरिंगवर जाणार आणि धडधाकट माणूस खिडकीत. विश्रांतीच्या खोलीत काडी शिरला की गप्पा थांबायच्या. त्याच्या शेजारची खाट रिकामी असायची. तिच्यावर कुणीतरी जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवली होती.

रविवारी तो फळं घेऊन नेहमीच्या वेळेला गेला. दार वहिनींनी उघडलं. अर्धंच.

"ते झोपलेत," त्या म्हणाल्या.

आतून घोरण्याचा आवाज येत नव्हता.

"बरं केलंत तुम्ही, भावजी," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलंय तसं. पण घर त्यांचंही आहे." त्यांनी पिशवी घेतली, फळं काढून घेतली आणि रिकामी पिशवी नीट घडी करून परत दिली.

त्यानंतर आठवड्यानं, भर दुपारी, काडीच्या दारावर टकटक झाली. नगारा होता. तीन मजले चढून दम लागला होता, पण चौकटीला टेकला नाही. बूट बाहेर काढून आत आला.

"चौकशीचा कागद आहे. दोघांच्या सह्या लागतात."

"बस ना."

"सही कर."

काडीनं कागद घेतला. नगारा उभाच राहिला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

"ते दुसऱ्या परिच्छेदात बघ," तो म्हणाला. "तू काय सांगितलंयस तिथे? की यंत्र तू माझ्याकडून मागून नेलंस. मी देत नव्हतो."

"तसं लिहिलं तर तुझ्यावर जरा कमी..."

"खोड ते."

"अरे, पण..."

"मी दिलं. मी पिशवीत घालून आणून दिलं. माझ्या नावावर आता अजून काही खोटं नको. खोड."

काडीनं ती ओळ खोडली, बाजूला सही केली. नगाऱ्यानं खाली वाकून, टेबलाच्या कडेवर कागद ठेवून आपली केली. वर येताना त्याची नजर खाटेवर गेली. उशीवर मास्क पडला होता, पट्टे सुटलेले, नळी लोंबत.

"हेच का ते?"

"हो."

"घालतोस?"

"घालतो. पण झोपेत काढून टाकतो. कधी काढतो ते कळत नाही. उठतो तेव्हा खाली पडलेला असतो." काडीनं मास्क उचलून हातात धरला. "आठ दिवस झाले. आकडे तसेच आहेत. सिस्टर म्हणाल्या, सुरुवातीला कुणीतरी शेजारी बसलेलं बरं. निघाला की परत बसवायचा. दोन-तीन वेळा बसवला की अंगवळणी पडतो म्हणे."

"मग बसव कुणाला तरी."

"हो."

"तू मला आधी सांगायला हवं होतंस," नगारा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या तोंडून कळायला हवं होतं. ड्युटी लावणाऱ्या बाबूकडून नाही."

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो."

"आणि मी ऐकलं असतं."

नगाऱ्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते काडीला कळलं नाही. कागदाच्या दोन घड्या घालून त्यानं तो वरच्या खिशात सरकवला, खिशाचं बटण लावलं.

"उद्या तुझी सुट्टी ना," काडी म्हणाला. "दुपारी आलास तर. सहा तास नाही, दोन तास बसलास तरी पुरे. खुर्ची आहे. पंखा तुझ्याकडे फिरवता येतो. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी झोपलेलाच असणार. फक्त निघाला की बसवायचा. हा पट्टा मागून, असा." त्यानं मास्क स्वतःच्या तोंडाशी धरून दाखवला, आणि त्याचा आवाज आतून घुमून आला. "येशील?"

नगारा दाराबाहेर गेला. बुटांत पाय घातले, टाचा तशाच खाली दाबून, नाड्या न बांधता. मग कठड्याला हात लावून तो जिना उतरायला लागला.